आठ गुणिले बेचाळीस

जव्हारच्या हनुमान पॉइंटवर कुणाच्या गळ्यात दुर्बीण दिसली, की भोवती जमलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : यातून किती लांबचं दिसतं? दुर्बिणींचा सगळा स्वस्त बाजार या एका प्रश्नावर पोसला गेला आहे. जत्रेतल्या पालावरची प्लास्टिकची दुर्बीण असो, नाहीतर मोबाइलवर येणारी ‘शंभर पट मोठं, रात्रीही स्पष्ट’ अशी जाहिरात असो, सगळे लांबचं दाखवायला निघालेले. आता लांबचंच बघायचं, तर पावणेचार लाख किलोमीटरांहून दूर असलेला चंद्र नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ऐंशी मीटरवरच्या सागाच्या फांदीवर बसलेलं वीतभर घुबड साधा पिंगळा आहे की रानपिंगळा, ते मात्र दिसत नाही. दुर्बीण घ्यायची ती यासाठी.

जव्हार आणि मोखाडा या पालघर जिल्ह्यातल्या दोन डोंगराळ तालुक्यांत हा प्रश्न हौसेचा राहत नाही, पैशांचा होतो. रोजगार हमीची महाराष्ट्रातली २०२५-२६ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने दहा हजारांची दुर्बीण म्हणजे बत्तीस दिवसांची मजुरी. गावातला गाइड होऊ पाहणारा तरुण, आश्रमशाळेतले विज्ञानाचे गुरुजी, स्वतःच्या खिशातून वस्तू घेणारा वनरक्षक, यांच्यातल्या कुणालाही ‘ही नाही जमली तर दुसरी घेऊ’ असं म्हणता येत नाही. नाशिक किंवा मुंबईहून शनिवार-रविवारी येणाऱ्या माणसाची चूक कपाटात जाते आणि विसरली जाते. इथल्या माणसाची चूक वर्षानुवर्षं गळ्यात राहते.

बघायचं काय आहे?

जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांच्या आसपास. मोखाड्यातलं सूर्यमाळ त्याहून उंच. भोवती साग, ऐन, मोह, पळस, काटेसावर यांचं पानझडीचं रान, मधून वैतरणा आणि लेंडीसारख्या नद्यांनी कापलेल्या खोल दऱ्या. दाभोसाचा धबधबा अशाच एका दरीत सुमारे तीनशे फूट कोसळतो. जव्हारच्या जंगलाचा सुमारे ११८ चौरस किलोमीटरचा पट्टा संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि शेजारच्या शहापूर-वाड्याकडे तानसा अभयारण्य पसरलेलं आहे.

या रानाचा उजेड वर्षातून तीनदा बदलतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत धुकं, पाऊस आणि दाट पानं. तिबोटी खंड्या आणि नवरंग यांसारखे देखणे पक्षी नेमके याच काळात इथे येतात आणि नेमके अंधाऱ्या झुडपात बसतात. दिवाळीनंतर हवा स्वच्छ होते. गवत पिवळं पडतं, हिवाळी पाहुणे उतरतात, माथ्यावर सर्पगरुड घिरट्या घालतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, सावर फुलल्या की निष्पर्ण झाडांवर मैना, कोतवाल, हळद्ये, शिंजीर यांची झुंबड उडते. त्या वेळी उजेड इतका असतो की कोणतीही दुर्बीण चांगलीच वाटते. म्हणून दुर्बीण मार्चच्या दुपारी पारखू नये, जुलैच्या संध्याकाळी पारखावी.

घुबडाचं डोकं

चांगली दुर्बीण कशाला म्हणावं, हे समजून घ्यायला रानपिंगळ्याइतका चांगला पक्षी नाही. १८७३ साली पक्षीशास्त्रज्ञ ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४नंतर त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मांडवीला तो मिळवल्याचा दावा केला होता. पुढे उघड झालं ते असं, की त्याने ब्रिटिश संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर नवं लेबल डकवलं होतं. त्या खोट्या पत्त्यावर पुढच्या शोधकांनी आपले कष्ट वाया घालवले. अखेर नोव्हेंबर १९९७मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना तो आपल्या शहाद्याजवळ, दिवसाढवळ्या, झाडावर बसलेला दिसला. मध्ये ११३ वर्षं गेली होती. २०१४ साली तो तानसा अभयारण्यातही सापडला आणि जव्हार-मोखाड्याच्या रानाकडे बघण्याची पक्षीनिरीक्षकांची नजर बदलली.

आता हा पक्षी ओळखायचा कसा? गावाशेजारच्या आंब्याच्या ढोलीत राहणारा नेहमीचा पिंगळा जवळपास याच आकाराचा. त्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची ठसठशीत नक्षी असते. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, ठिपके असलेच तर पुसट. छातीचा वरचा भाग गडद, एकसलग तपकिरी. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. पाय जाडजूड, पांढऱ्या पिसांनी बोटांपर्यंत झाकलेले. म्हणजे तपकिरी रानात, तपकिरी फांदीवर, तपकिरी पक्ष्याच्या डोक्यावर पुसट ठिपके आहेत की नाहीत, हे सांगायचं आहे. रानपिंगळा दिवसाही हिंडतो, पण त्याच्या हालचालीला रंग चढतो तो सकाळी आणि दुपार कलल्यावर, म्हणजे उजेड कमी असतानाच.

इथे वीस पटीची स्वस्त दुर्बीण लावली तर घुबड मोठं दिसतं आणि ठिपके दिसत नाहीत. चित्र काळपट आणि थरथरतं असतं. आठ पटीच्या चांगल्या दुर्बिणीत तेच घुबड लहान दिसतं आणि डोक्यावरचं पीस न् पीस वाचता येतं. पैसे कमी असतील तेव्हा हाच निवाडा पक्का धरायचा : पैसे उजेडावर आणि स्थिरतेवर खर्च करायचे, मोठेपणावर नाही.

दोन आकड्यांचा हिशेब

दुर्बिणीवर ८×४२, १०×५० असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा पट सांगतो. आठ पटीतून ऐंशी मीटरवरचा पक्षी दहा मीटरवरून बघितल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसऱ्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणारा उजेडाचा झोत इतके मिलिमीटर रुंद असतो.

आपली बाहुली कडक उन्हात दोन-तीन मिलिमीटर उघडी असते. तिन्हीसांजेला ती पाच-सहापर्यंत जाते, तरुणपणी पूर्ण अंधारात सातपर्यंत. उतारवयात ती तितकी उघडत नाही. आता खिशात मावणारी १०×२५ घ्या. झोत अडीच मिलिमीटर. दुपारी ठीक, संध्याकाळी बाहुली उघडलेली आणि येणारा उजेड तुटपुंजा. २०×५०चा झोतही तेवढाच, अडीच. शिवाय हाताची थरथर वीस पटींनी वाढलेली. तिवईशिवाय वीस पट हातात धरून बघणं म्हणजे निव्वळ डोळ्यांना शिक्षा. समुद्रावर वापरतात त्या ७×५०चा झोत सात मिलिमीटरांहून थोडा जास्त. रात्रीच्या बोटीवर तो उपयोगी, पण ते धूड गळ्यात अडकवून सूर्यमाळ चढायचं जड जातं.

म्हणून जगभरचे पक्षीनिरीक्षक फिरून फिरून ८×४२ किंवा ८×४०वर येतात. १०×४२ वाईट नाही. दरीच्या पलीकडच्या कड्यावरचे शिकारी पक्षी बघायचे असतील तर ती चालते. पण दाट झाडीत आठ पटीला आणखी एक फायदा आहे. तिच्यात रानाचा मोठा तुकडा मावतो. चांगल्या ८×४२मधून हजार मीटरवर साधारण १३० ते १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. पानांत उड्या मारणारा वटवट्या शोधायचा तर रुंद चौकट हवी. तो सापडेपर्यंत उडून गेला, तर पट काय कामाची?

काच, मुलामा आणि लोलक

एकाच मापाच्या दोन दुर्बिणींत एक दोन हजारांची आणि दुसरी दोन लाखांची कशी, याचं उत्तर आतल्या काचेत आहे.

काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग ओलांडले की एक-तृतीयांश उजेड गेला. १९३५ साली त्साइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ थर चढवून हे परावर्तन कमी करण्याची युक्ती काढली. आज अनेक थरांचा मुलामा दिलेल्या पृष्ठभागावरून अर्ध्या टक्क्याइतकाच उजेड वाया जातो आणि दहा पृष्ठभागांनंतरही पंचाण्णव टक्के उरतो. म्हणून खोक्यावर नुसतं ‘कोटेड’ लिहिलंय की ‘फुली मल्टिकोटेड’, हे नीट वाचावं. पहिल्याचा अर्थ एखाद्या भिंगाला एक थर दिला, एवढाच असू शकतो. पुढची भिंगं लालभडक किंवा नारिंगी चमकत असतील आणि दुकानदार त्याला ‘नाइट व्हिजन’ म्हणत असेल, तर पुढे जावं. तो लाल थर उलट उजेड परत पाठवतो.

भिंगातून उलटी पडलेली प्रतिमा सुलटी करायला आत लोलक लागतात. इटालियन इग्नात्सिओ पोरो यांनी १८५४मध्ये पेटंट घेतलेली रचना अजून चालते. त्या दुर्बिणीला खांदे असतात, पुढची भिंगं डोळ्यांपेक्षा लांब लांब. दुसरी ‘रूफ’ लोलकाची, दोन सरळ नळ्या शेजारी शेजारी ठेवल्यासारखी सडपातळ. दिसायला दुसरी आधुनिक, पण बनवायला अवघड. तिचा लोलक फार काटेकोर घासावा लागतो. त्याच्या एका पृष्ठभागाला आरसा करावा लागतो. शिवाय आतून जाणाऱ्या उजेडाचे दोन भाग पुन्हा जुळताना किंचित पुढेमागे होतात आणि बारीक तपशील धूसर होतो. त्यावरचा ‘फेज कोटिंग’चा उपाय त्साइसने १९८८मध्ये आणला. या सगळ्याला पैसे लागतात. स्वस्तातल्या रूफ दुर्बिणीत यातलं काही ना काही गाळलेलं असतं. पोरो रचनेला यातलं काहीच लागत नाही, त्यामुळे दहा हजारांच्या आत त्याच पैशांत पोरो दुर्बीण जास्त स्वच्छ दाखवते.

हिशेब इथेच मिटला असता, पण जव्हार-मोखाड्यात पाऊस पडतो.

पाऊस

पोरो दुर्बिणीत फोकसचं चाक फिरवलं की डोळ्याकडची भिंगं बाहेरच्या बाहेर पुढेमागे सरकतात. त्या फटीतून दमट हवा आत जाते. स्वस्त पोरो दुर्बिणी बहुतेक जलरोधक नसतात. रूफ दुर्बिणीत सरकणारं भिंग नळीच्या आत असतं. नळीला रबरी कड्या बसवून आत नायट्रोजन भरता येतो आणि मग पाणी शिरत नाही, आतून वाफ धरत नाही. चार महिने ढगात राहणाऱ्या मुलखात हा फरक मोठा आहे. एक पावसाळा निष्काळजीपणे काढला, तर भिंगाच्या आत बुरशीची कोळिष्टकं पसरतात. ती काढायला दुर्बीण उघडावी लागते, आणि उघडून पुन्हा दोन्ही नळ्या एका रेषेत आणणारा कारागीर जवळपास मिळत नाही.

तेव्हा आधी विचारायचं ते स्वतःला : भर पावसात दुर्बीण कोण वापरणार? दाभोसाच्या तुषारांत पर्यटक घेऊन उभा राहणारा गाइड आणि जुलैत गस्त घालणारा वनरक्षक यांनी जलरोधक रूफ घ्यावी, चित्रात थोडं उणं पडलं तरी. शाळा, हिवाळ्यात फिरणारा माणूस, घराच्या ओट्यावरून बघणारे आजोबा यांनी पोरो घ्यावी आणि ती जपावी.

जपायचं म्हणजे काय, तेही सोपं आहे. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी पडले की कढईत मंद आचेवर कोरडे करून, गार झाल्यावर परत ठेवायचे. चामडी पिशवी ओल धरते, तिच्यात पावसाळाभर ठेवू नये. इथल्या घरांत कोरडी राहावी म्हणून वस्तू चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात. दुर्बीण तिथे ठेवू नये, धुराची काजळी काचेवर बसते. भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसू नये. आधी मऊ ब्रशने धूळ झटकायची, मग चष्म्याचं फडकं.

दुकानात काय करायचं?

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. नाशकातही बघून घेता येते. ऑनलाइन घेतली तर परत करण्याच्या मुदतीत पुढची परीक्षा घरी घ्यावी.

दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे करा आणि डोळ्याकडच्या भिंगांत बघा. दोन उजळ वर्तुळं दिसतील. ती पूर्ण गोल असली तर लोलकाची काच बहुधा चांगली, बीएके-४. कडा करड्या आणि वर्तुळ चौकोनाकडे झुकलेलं असलं तर बीके-७, हलकी. मग ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पुढच्या भिंगात बघा. एकामागे एक उमटलेली हिरवी, जांभळी, मंद प्रतिबिंबं हवीत. एखादं पांढरंशुभ्र दिसलं, तर त्या पृष्ठभागावर मुलामा नाही.

आता दाराशी या. रस्त्यापलीकडची विजेची तार फोकस करा. तार एकच दिसली पाहिजे. दोन दिसत असतील, किंवा दिसते एक पण मिनिटभरात कपाळ ताणल्यासारखं वाटतं, तर दोन्ही नळ्या समांतर नाहीत. कितीही सवलत मिळो, ती घेऊ नका. डोळ्यांना नंतर सवय होईल, हे दुकानदाराचं बोलणं ऐकू नका. उजळ आभाळापुढे तारेच्या कडेला जांभळी-हिरवी झालर दिसते का, तेही बघा. थोडी चालेल, सगळ्याच स्वस्त दुर्बिणींत असते.

चष्मा असेल तर चष्म्यासकट बघा. डोळा आणि भिंग यांत किती अंतर चालतं, ते ‘आय रिलीफ’ म्हणून मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. चष्मेवाल्यांना पंधरा-सोळा तरी लागतं. शेवटी बुटाकडे फोकस करून बघा. दोन मीटरवरचं स्पष्ट दिसलं, तर फुलपाखरांनाही ती चालेल. चार-पाच मीटरच्या आतलं दिसत नसेल, तर पक्ष्यांपुरती.

झूम दुर्बीण, म्हणजे दहापासून शंभर-दीडशे पटींपर्यंत जाणारी, कुणी फुकट दिली तरच घ्यावी.

किती पैशांत काय?

किमती सणासुदीला वरखाली होतात, म्हणून इथले आकडे अंदाजाचे. दोन-तीन हजारांत पक्षी बघण्याजोगी नवी दुर्बीण मिळत नाही. तेवढेच पैसे असतील तर थांबावं, नाहीतर ओळखीच्या पक्षीनिरीक्षकाची जुनी मिळवावी. चांगल्या दुर्बिणीला आयुष्य मोठं असतं, आणि हौशी मंडळी वरच्या दर्जाकडे गेली की जुनी विकायला काढतात. चोर बाजारातल्या जुन्या रशियन दुर्बिणी दणकट असतात, पण बऱ्याच जणींतून जग पिवळट दिसतं, आणि आतली बुरशी तिथल्या गर्दीत तपासता येत नाही.

दहा हजारांच्या आसपास दोन पोरो दुर्बिणी वर्षानुवर्षं टिकून आहेत : ऑलिंपसची ८×४० डीपीएस-आय आणि निकॉनची ८×४२ अॅक्युलॉन. दोन्हींत हजार मीटरवर १४० मीटर किंवा त्याहून थोडा जास्त रुंद पट्टा दिसतो. दोन्ही सातशे ग्रॅमच्या वर, दोन्ही जलरोधक नाहीत, आणि दोन्हींचं आय रिलीफ बारा मिलिमीटर, म्हणजे चष्मेवाल्यांची अडचण. त्याहून वरच्या टप्प्यात निकॉन प्रोस्टाफ पी३ आणि सेलेस्ट्रॉन नेचर डीएक्स या ८×४२ रूफ दुर्बिणी येतात. दोन्ही जलरोधक, वजनाला हलक्या, चष्म्यावर चालणाऱ्या. नेचर डीएक्सला फेज कोटिंगही आहे. निकॉन मोनार्क एम५सारखी, रंगांची झालर कमी करणाऱ्या ईडी काचेची दुर्बीण यांच्या साधारण दुपटीत जाते. लाखाच्या पुढच्या दुर्बिणी सुंदर असतात. पण दोन हजारांवरून दहावर गेल्यावर जेवढा फरक डोळ्यांना पडतो, तेवढा दहावरून एक लाखावर गेल्यावर पडत नाही.

एक दुर्बीण, अनेक डोळे

पाच नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, बारा नोव्हेंबर सालिम अलींचा. मधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. शाळांना भेटी मिळतात त्या बहुधा अशा निमित्ताने. दहा हजार रुपये जमले, तर देणाऱ्याला वाटतं की पाच मुलांना पाच दुर्बिणी मिळाव्यात. दोन हजारांच्या पाच दुर्बिणी म्हणजे पाच निराशा. ज्या मुलाने पहिल्यांदा अशा दुर्बिणीतून बघितलं आणि त्याला धूसर, दुहेरी काहीतरी दिसलं, ते मूल दुर्बिणीला दोष देत नाही. आपल्यालाच बघता येत नाही असं समजून ते बाजूला होतं.

जव्हार-मोखाड्यातल्या मुलांबाबत हे जास्तच खटकतं. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी घरांतल्या या मुलांनी गुरांमागे, नदीवर, कधी गलोल घेऊन रान पालथं घातलेलं असतं. पक्षी कुठे बसला आहे हे त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसतं. शहरी पक्षीनिरीक्षकाला हे यायला बरीच वर्षं लागतात. त्यांच्याकडे नसतो तो फक्त शेवटचा तपशील : डोक्यावरचे ठिपके, शेपटीवरचे पट्टे. तेवढं दुर्बीण देते.

म्हणून शाळेने एकच घ्यावी, चांगली घ्यावी, आणि वाचनालयातल्या पुस्तकासारखी वहीत नोंद करून द्यावी. दुर्बीण अनेकांच्या हातांत फिरणार असेल तर उजव्या डोळ्याचं कडं सतत हलतं. ज्याचे दोन्ही डोळे सारखे, त्याची जागा नेलपॉलिशच्या ठिपक्याने ठरवून टाकावी. बाकीच्यांनी उजवा डोळा मिटून चाकाने डाव्याचा फोकस करायचा, मग डावा मिटून कड्याने उजव्याचा. लहान मुलांच्या डोळ्यांतलं अंतर कमी असतं आणि बऱ्याच दुर्बिणी छप्पन मिलिमीटरांपेक्षा जवळ येत नाहीत. अशा मुलांनी एकाच नळीतून बघावं, लाजू नये. आणि सगळ्यांना एकच गोष्ट शिकवावी : नजर पक्ष्यावरून काढायची नाही, दुर्बीण डोळ्यांशी आणायची.

नोंदवहीला तारीख महत्त्वाची. दिवाळी झाली की इथली कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. रान बघायला सर्वांत सोपं असतं तेच महिने ही मुलं गावात नसतात. ती येतात तेव्हा ढग उतरलेले असतात, झाडी दाटलेली असते आणि उजेड कमी असतो. शाळेसाठी दुर्बीण निवडताना हाही हिशेब धरायला हवा. पोरो स्वस्त आणि स्वच्छ हे खरं, पण ती ज्यांच्यासाठी घ्यायची त्यांचा हंगामच पावसाचा असेल, तर वर्गणीत आणखी चार-पाच हजार घालून जलरोधक ८×४२ घ्यावी. ते जमत नसेल तर पोरो, डबा आणि सिलिका जेल. वीस पटीची मात्र नको, मग ती घेणारी शाळा असो की गाइड.